कृपया नाते निवडा

बाबांची दाढी करायला मी एक दिवसाआड दुपारी दवाखान्यात जायचो. या सगळ्याची सुरुवात तिथूनच झाली, म्हणून तिथूनच सांगतो. मध्ये थांबवू नका. थांबलो तर पुन्हा सांगणं जमायचं नाही.

पक्षाघाताने बाबांची उजवी बाजू गेली होती. हात उशीशेजारी पडलेला असायचा, कुणीतरी विसरून गेल्यासारखा. बोलणं अर्ध्या तोंडातून, तेही अडखळत. पण मी वॉर्डात शिरलो की त्यांचा डावा डोळा बारीक व्हायचा आणि ते म्हणायचे, "आला… भोंगा." तान्हा असताना मी रडायला लागलो की म्हणे गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. तेव्हापासून मी घरात भोंगा. माझी चाळिशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, पण ते नाव काही गेलं नाही. खरं तर मी तेवढी एक हाक ऐकायला जायचो. दाढी हे निमित्त.

तो वॉर्ड वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या लोकांचा. लांबट खोली, उंच छत, दोन्ही भिंतींना खाटा. फिनेलचा वास, त्याच्या खाली उकळलेल्या चादरींचा, आणि त्याच्याही खाली आणखी एक वास, ज्याला नाव देऊ नये असा. दुपारी भेटीची वेळ सुरू व्हायच्या आधी तिथे एवढी शांतता असायची की पंख्याचं प्रत्येक पातं वेगळं ऐकू यायचं.

त्या दुपारी मी बाबांच्या गालाला साबण लावत होतो. वॉर्डच्या मुख्य सिस्टर, सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणायचे, माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही वेबसाइटचं काम करता ना?"

"करतो. का हो?"

"आमचा तो भेटीचा फॉर्म बिघडलाय. ज्याने बनवला तो दुसऱ्या देशात जाऊन बसलाय, फोन उचलत नाही. जरा बघता का?"

तो फॉर्म मला पाठ होता. दर खेपेला भरायचो. पेशंटची खाट, आपलं नाव, फोन, पेशंटशी नातं, वेळ. एका खाटेला एका वेळी एकच माणूस, कारण खाटेजवळ खुर्ची एकच. फॉर्म भरला की पास निघायचा, तो खालच्या गार्डला दाखवून वर यायचं.

"झालंय काय?"

"कुणीतरी काही न लिहिताच फॉर्म पाठवतंय. नाव नाही, गाव नाही, नातं नाही. नुसती खाट आणि वेळ. आणि यंत्र ते घेतंय मुकाट्याने. मग खऱ्या माणसाला वेळच मिळत नाही. काल त्या खिडकीजवळच्या आजींची मुलगी माझ्यावर केवढी चिडून गेली."

"मग त्या वेळेला येतं कोण?" मी सहज विचारलं.

सिस्टर हातातला कापूस उगाच पिंजत राहिल्या. "कुणीच येत नाही. मावशी म्हणते, खुर्ची तेवढी खाटेच्या जवळ ओढलेली असते. मावशीचं काय घेऊन बसलात. तिला सगळीकडेच काहीबाही दिसतं."

मावशी म्हणजे वॉर्डातली आया. ती तेव्हा समोरच्या खाटेची चादर बदलत होती. तिने ऐकलं असणार. पण तिने मान वर केली नाही.

खाली काउंटरवर एक पोक्त बाई बसायच्या. फोन नसेल तेव्हा त्या शब्दकोडी सोडवायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडलेला शब्द विचारायच्या. त्यांनी मला त्यांच्या टेबलाची एक बाजू आणि काउंटरचा संगणक दिला. मी कोड उघडला आणि चूक लगेच सापडली. इतकी लगेच, की हसू आलं.

तुम्हाला समजेल असं सांगतो. फॉर्ममध्ये माणूस जे भरतो ते दोनदा तपासायचं असतं. एकदा त्याच्यासमोर, पानावर, आणि एकदा आत, सर्व्हरवर, माहिती जमा करून घेण्याआधी. फॉर्म बनवणाऱ्या त्या पोराने पानावर तपासणी केली होती, आत काहीच नव्हती. म्हणजे दाराला 'परवानगीशिवाय आत येऊ नये' अशी पाटी लावली होती, कडी बसवायची राहून गेली होती. पान टाळून थेट आत माहिती पाठवणाऱ्याला कुणी अडवत नव्हतं. असले प्रकार यंत्रं करतात. जगभर हिंडत असतात ती, उघडी दारं शोधत. मी तसं बाईंना सांगितलं.

मग मी आत कडी बसवली. नाव रिकामं असेल तर फॉर्म परत जाईल आणि लाल अक्षरांत सूचना जाईल: 'कृपया नाव लिहा.' वर जाऊन सिस्टरना सांगितलं, काम झालं. बाबांच्या अंगावरची चादर सारखी केली आणि घरी आलो.

पुढच्या वेळी गेलो तर बाई म्हणाल्या, "तुमची कडी काही बसली नाही हो."

नावाच्या जागी पुन्हा पांढरं. मी नीट पाहिलं. दिसायला रिकामं असलं तरी ते रिकामं नव्हतं. तिथे कुणीतरी नुसत्या मोकळ्या जागा भरल्या होत्या. स्पेसची कळ दाबून, एकामागे एक. 'लिहा' म्हटल्यावर त्याने लिहिलं होतं. काय लिहायचं ते त्याला माहीत नव्हतं.

मोकळ्या जागा गाळून टाकायची सोय केली. सूचना बदलली: 'कृपया नावात अक्षरे लिहा.'

त्याच संध्याकाळी फॉर्म आला. नाव या रकान्यात लिहिलं होतं: 'नावात अक्षरे'.

बाई खळखळून हसल्या. "भलतंच आज्ञाधारक आहे की हो! सांगाल ते करतंय." मीही हसलो. मग बाई पुन्हा कोड्याकडे वळल्या आणि मी त्या दोन शब्दांकडे बघत बसलो. यंत्र असं करत नाही. यंत्र एकतर कचरा ओततं, नाहीतर कुठूनतरी चोरलेली खरी नावं ओततं. सूचना वाचून तीच उत्तर म्हणून परत देणं… हे नवीन शिकणारं मूल करतं. 'नाव सांग' म्हटलं की 'नाव सांग' असंच म्हणतं.

तरी मी स्वतःला यंत्रच म्हणून समजावलं. माणसाला आणि यंत्राला वेगळं करायची जी चौकट असते ना, 'मी माणूस आहे' असं लिहिलेली, तिच्यावर खूण करायची, ती लावून टाकली. शिवाय आलेला प्रत्येक प्रयत्न, परत गेलेलासुद्धा, नोंदला जाईल अशी सोय केली. कोण आहे ते बघू तरी.

दोन दिवसांनी त्या नोंदी उघडल्या. दुपार होती. बाहेर ऊन रणरणत होतं, काउंटरसमोरच्या बाकांवर कुणी नव्हतं, बाई चहाला गेल्या होत्या. प्रयत्नांची रांगच्या रांग होती. नाव भरलंय, चौकट मोकळी. पुन्हा नाव, चौकट मोकळी. मध्ये बराच वेळ काही नाही. मग पुन्हा. जणू कुणी त्या चौकटीपुढे बसून विचार करत होतं. 'मी माणूस आहे.' खूण करावी की करू नये.

एवढे प्रयत्न येतायत कुठून, ते मी पाहिलं. प्रत्येक संगणकाला एक पत्ता असतो. तो पत्ता बाहेरचा नव्हता. दवाखान्यातलाच होता. मी आणखी खाली शोधत गेलो आणि मग माझा हात माउसवरून आपोआप बाजूला झाला.

तो पत्ता मी बसलो होतो त्या संगणकाचा होता.

मी दोन्ही हात मांडीवर घेतले. का घेतले, सांगता येणार नाही. समोर नोंदींची यादी उघडी होती. माझ्या डोळ्यांसमोर तिच्या टोकाला एक नवी ओळ आली. मी कशालाही हात लावलेला नव्हता. त्या ओळीत नाव होतं आणि चौकटीवर खूण होती.

फॉर्म बरोबर होता. सर्व्हरने तो घेतला.

बाई चहा घेऊन आल्या तेव्हा मी उभा होतो. "काय झालं? चेहरा पांढराफटक पडलाय तुमचा."

"बाई, हा संगणक आणखी कोण वापरतं?"

"कोण वापरणार? रात्री तर त्याची वायर काढून ठेवते मी."

मी मोठ्या सिस्टरना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. आजारी माणसाचे नातेवाईक त्यांनी खूप पाहिले होते. "झोप होत नाही ना तुमची?" म्हणाल्या. "हे बघा, मला एवढंच हवंय की परकं माणूस वर येऊ नये. त्या फॉर्ममध्ये नात्याच्या रकान्यात 'इतर' असं आहे, तिथेच गडबड आहे. कुणीही 'इतर' निवडतं आणि येतं. तेवढं काढून टाका. नात्याचा माणूस असेल तर येईल, नाहीतर नाही. आणि ज्याचं सगळं बरोबर भरलेलं असेल त्याला कायमचा पास द्या, म्हणजे रोजची कटकट नको."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, चांगलं पटलं. जे काही होतं ते आत्तापर्यंत नातं मोकळं तरी ठेवत होतं, नाहीतर 'इतर' निवडत होतं. ती वाट बंद केली की संपलं. मी 'इतर' काढला आणि फोटोसकट कायमच्या पासाची सोय केली. उरले मुलगा, मुलगी, पती, पत्नी, भाऊ, बहीण. नातं न निवडता पाठवलं तर सूचना: 'कृपया नाते निवडा.'

काही दिवस गप्प गेले. म्हणजे फॉर्म आले नाहीत. प्रयत्न येत होते. ते एकेका खाटेला एकेक नातं लावून बघत होतं. लावायचं, अर्धवटच पाठवून सोडून द्यायचं. दुसरी खाट, दुसरं नातं. दुकानात आरशासमोर उभं राहून एकेक सदरा अंगाला लावून बघतात तसं.

मग तेही थांबलं. मला वाटलं, कंटाळलं असेल. गेलं असेल.

खिडकीजवळच्या आजींची मुलगी शाळेत शिक्षिका होती. शाळा सुटली की तडक यायची, वह्यांचा गठ्ठा खांद्याच्या पिशवीत, आईच्या पायांना तेल लावत वह्या तपासायची. आजींना विसरायला व्हायचं, पण मुलीला त्या कधी विसरल्या नव्हत्या. मी बाबांचं तोंड पुसत होतो तेव्हा पलीकडून आजींचा आवाज आला. एकदम नम्र आवाज.

"बाई, तुम्ही कोण? नका हो पाय दाबू. परक्या माणसाकडून कसं करून घ्यायचं…"

"आई, मी आहे. मी."

"माझी मुलगी मघाशी येऊन गेली."

"आई, बघ ना माझ्याकडे."

"बघितलं की. तुम्ही चांगल्या आहात. पण माझी मुलगी येऊन गेली हो. उद्या परत येणार आहे."

शिक्षिका पिशवी तिथेच टाकून बाहेर गेली. मी मागे गेलो तेव्हा ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. "डॉक्टर म्हणाले होते, असं होईल कधीतरी," ती म्हणाली. "पण ती मला विसरली नाही हो. विसरली असती तर चाललं असतं. तिला मुलगी आहे. ती मी नाही, एवढंच."

मी धावत खाली आलो. बाईंना बाजूला करून फॉर्म उघडला. आजींची खाट. नातं: मुलगी. फोनच्या जागी फोन. आणि नाव… पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तुमच्या ओळखीत त्या नावाची एखादी तरी बाई असेल, असं साधं नाव. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. कायमचा पास निघालेला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. प्रत्येक वेळी मी त्याला अडवलं होतं आणि अडवताना काय कमी आहे ते सांगितलं होतं. नाव हवं. अक्षरं हवीत. माणूस हवा. शेवटी नातं हवं. त्याला आधी फक्त खुर्चीत येऊन बसायचं होतं. कुणाचं कुणी व्हायचं नव्हतं. व्हायला मी लावलं.

मी दादाला फोन केला. माझा थोरला भाऊ, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, आठवड्यातून एकदा यायचा.

"दादा, बाबांना इथून हलवू या. आजच."

"काय झालं? बरे आहेत ना?"

मी सांगायला लागलो. मधेच तो म्हणाला, "तू जरा घरी ये. वहिनीच्या हातचं काहीतरी खा. झोप. मग बोलू."

"दादा, ऐक…"

"ऐकतोय. तू दमलायस रे. एकट्याने किती करशील?"

फोन कानाला असतानाच समोरच्या पडद्यावर नवी ओळ आली. बाबांची खाट. नातं: मुलगा. वेळ: आत्ता.

मी जिन्याने पळालो. लिफ्टची वाट बघायचं सुचलं नाही. मधल्या मजल्यावर मावशी भेटली, हातात बादली. तिने भिंतीला अंग चिकटवून मला वाट दिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "भाऊ, आता नका जाऊ. आत बसलंय…"

वॉर्डात ऊन आलं होतं. पश्चिमेच्या खिडक्यांमधून लांबलचक तिरप्या पट्ट्या. भीती वाटावी असं तिथे काही नव्हतं. बाबांच्या खाटेजवळ खुर्ची ओढलेली होती आणि खुर्चीत एक माणूस बसला होता, माझ्याकडे पाठ करून. फिकट सदरा. मानेवर नीट कापलेले केस. तो बाबांची दाढी करत होता. हात सफाईने चालला होता, माझा कधी चालला नाही इतका. आणि बाबा हसत होते. आजारपणानंतर ते पूर्ण तोंडाने हसलेले मी पाहिले नव्हते. आता हसत होते. दोन्ही बाजूंनी.

"बाबा," मी म्हणालो.

त्या माणसाने मान वळवली.

लोक मला विचारतात, चेहरा कसा होता. दादाही विचारायचा, चिडून. मी काय सांगू? चेहऱ्यात चूक नव्हती. एका चेहऱ्याला जे जे लागतं ते सगळं होतं, जागच्या जागी. डोळे, नाक, ओठ, गालावर एक बारीकसा व्रणही. मी तो बघत होतो आणि बघता बघता विसरत होतो. पापणी लवली की पुन्हा पहिल्यापासून बघावं लागत होतं.

तो उठला नाही. वस्तरा पाण्यात बुडवला आणि अगदी मऊ, अदबीच्या आवाजात म्हणाला, "कृपया… आवाज करू नका."

घरच्या माणसाशी 'कृपया' कोण म्हणतं हो? तो शब्द फक्त छापलेला असतो. पाटीवर, तिकिटावर. त्याने तो माझ्याकडून घेतला होता. त्याच्याकडे बोलायला तेवढीच भाषा होती, मी दिलेली.

मग जरा थांबून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखं माझ्या तोंडाकडे बघत, त्याने विचारलं, "आता… बरोबर आहे?"

मी मागे सरलो, दारातल्या ट्रॉलीला धडकलो, काहीतरी खाली पडून फुटलं. सिस्टर ओरडत आल्या. मी वळून पाहिलं तेव्हा खुर्ची मोकळी होती. साबणाचा फेस बाबांच्या कानाशी तेवढा राहिला होता.

मी खाटेजवळ गेलो. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. डावा डोळा बारीक झाला नाही. त्यांनी चांगला हात जरासा उचलला, दारात आलेल्या पाहुण्यासाठी उचलावा तसा.

"बसा," ते म्हणाले. "आपण… कोण?"

माझ्या आयुष्यात बाबा मला 'आपण' म्हणाले नव्हते. रागावले तरी 'तू', लाडात आले तरी 'तू'.

"बाबा, मी. भोंगा."

ते आठवायचा प्रयत्न करत होते. मनापासून करत होते, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. "मुलगा आत्ताच… गेला," ते म्हणाले. "थोडं आधी आला असता तर… भेट झाली असती."

त्या संध्याकाळी मी फॉर्म काढून टाकला. नुसता बंद नाही केला, कोडच पुसला. सिस्टरना म्हणालो, कागदावर नावं घ्या, वाट्टेल ते करा. त्या आता वाद घालत नव्हत्या. पण त्याचा पास आधीच निघाला होता. खालच्या गार्डने मला सांगितलं, "ते रोज येतात की. कायमचा पास आहे, फोटो आहे."

"कसा दिसतो फोटोत?"

"अहो, चांगला…" तो बोलता बोलता अडकला. डोकं खाजवत राहिला. "रोज बघतो मी. आता तुम्ही विचारताय तर…"

मी दादाच्या मागे लागून बाबांना दुसरीकडे हलवायची खटपट केली. डॉक्टर म्हणाले, तब्येत हलवण्यासारखी नाही. आणि बाबांनाही जायचं नव्हतं. "मुलगा इथे येतो," एवढंच. दादा भेटायला आला की ते दादाला ओळखायचे, त्याच्या मुलांची चौकशी करायचे. मी बाजूला उभा असायचो. "हे गृहस्थ फार चांगले आहेत," ते दादाला सांगायचे. "रोज येतात. यांचं कुणी… इथे आहे वाटतं."

दादा माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. "आजार आहे रे तो. मनाला लावून घेऊ नको."

मी जात राहिलो. काय करणार? मी वस्तरा काढला तर ते मान बाजूला करायचे. "मुलगा करतो." गाल गुळगुळीत असायचे खरंच. नखं कापलेली, केस विंचरलेले. आम्हा दोघांनी मिळून कधी केली नसती एवढी सेवा होत होती त्यांची. शिक्षिका मात्र येईनाशी झाली. जिन्यात एकदा भेटली तेव्हा म्हणाली, "आई सुखात आहे. मी गेले की ती बावरते. मग कशाला?" खिडकीजवळच्या आजी त्याच महिन्यात झोपेत गेल्या. मावशी म्हणाली, चेहरा शांत होता.

बाबा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. शेवटी मी आणि दादा दोघेही जवळ होतो. बाबांनी दादाचा हात धरला, आणि दुसरा, ज्या हातात जीव नव्हता तो उजवा हात, खुर्चीकडे नेला. खुर्ची मोकळी होती. बोटं हळूहळू मिटली, काहीतरी धरल्यासारखी, आणि तशीच मिटलेली राहिली. नंतर आम्हाला ती उघडता आली नाहीत. मी खाटेच्या पायाशी उभा होतो. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं, आणि निरोप देताना ओळखीच्या माणसाला देतात तशी मान हलवली.

मी ते काम सोडलं. आता दुकानांना रंगवलेल्या पाट्या करून देतो. संगणक विकून टाकला. झोप येत नाही, पण दिवस जातो.

मागच्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. बाबांचे कपडे आणि सामान दवाखान्यातून आणून तसंच पडलं होतं, ते वाटून टाकू म्हणाल्या. मी दुपारचा गेलो. दादा कामावर होता. वहिनी पहिल्यापासून नीटनेटक्या, हिशेबी. नात्यात कुणाला काय द्यायचं ते त्यांच्याकडून शिकावं. दिवाणावर त्यांनी गठ्ठे घालून ठेवले होते. घड्याळ, चष्मा, स्वेटर, शाली.

गठ्ठे तीन होते.

"तिसरा कुणासाठी, वहिनी? मुलांसाठी का?"

"छे हो. धाकट्या भाऊजींचा."

मला वाटलं, थट्टा करतायत. या घरात मीच धाकटा. "मग मीच की तो. मला दोन गठ्ठे देताय?"

वहिनी हसल्या. त्यांचं ते नेहमीचं, मनमोकळं हसू. "तुम्ही मधले, भाऊजी. काय हे, भावाभावांत आता मोजदाद पण विसरलात?"

"वहिनी…" माझा आवाज चढला असावा. "आम्ही दोघेच आहोत. दादा आणि मी."

त्यांनी झटकन ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीकडे पाहिलं. खोलीचं दार लोटलेलं होतं.

"हळू बोला ना," त्या कुजबुजल्या. "किती दिवसांनी जरा डोळा लागलाय त्यांचा. बाबांचं त्यांनी किती केलं, तुम्हाला माहीतच आहे."

आत खाट करकरली. कुणीतरी कूस बदलली.

मी दाराकडे बघत राहिलो. उंबऱ्याशी चपला काढून ठेवल्या होत्या, टाचेला टाच लावून, अगदी नीट. जोडी नवी होती. दोन्ही चपला डाव्या पायाच्या होत्या.